दारातला वसुलीदार : भारतीय कथेतील ऋण, जप्ती आणि लज्जा

भारतीय कथात्म साहित्यात सावकाराला जेवढी जागा मिळाली, तेवढी त्याच्या वतीने दारात येऊन उभ्या राहणाऱ्या माणसाला मिळालेली नाही. सावकाराची गादी, त्याची चोपडी, त्याची गोड वाणी यांची चित्रे आपल्या परिचयाची आहेत. परंतु हुकूमनामा घेऊन येणारा बेलिफ, उत्तरेकडील अमीन, पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी थांबणारा काबुली, बँकेचा शिपाई ही माणसे कथेत येतात ती पावलांच्या आवाजापुरती. ती आली की घरातील भांडी बाहेर निघतात. ती गेली की कथा ऋणकोकडे परतते. वसुली ही घटना सर्वत्र आहे आणि वसुली करणारा माणूस मात्र जवळजवळ कोठेच नाही. ही केवळ दुर्लक्षाची बाब असती, तर तिची विशेष चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण या अनुपस्थितीमागे कर्ज आणि वसुली यांविषयीच्या भारतीय लोकमानसाचा एक मूलभूत अंतर्विरोध दडलेला आहे. वसुलीचा हे मानस तिरस्कार करते. मात्र जिच्या जोरावर वसुली चालते ती नीतिकल्पना त्याला पूर्णपणे मान्य असते.

हा अंतर्विरोध प्रथम भाषेतच दिसतो. ‘ऋण’ आणि ‘फेडणे’ हे शब्द मराठीच्या अगदी घरातले आहेत. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण या त्रयीमुळे ऋणाला व्यवहारापलीकडचा अर्थ मिळाला. माणूस जन्मतःच ऋणको असतो आणि फेड हा त्याचा धर्म ठरतो. याउलट वसुलीची शब्दसंपत्ती बव्हंशी राज्यकर्त्यांच्या भाषांतून आलेली आहे. ‘कर्ज’, ‘वसूल’, ‘जप्ती’ आणि ‘तगादा’ ही अरबी-फारसीची देणगी. ‘लिलाव’ पोर्तुगिजांकडून आला, ‘बेलिफ’ इंग्रजांकडून. देणे लागणे ही आपली गोष्ट आणि ते वसूल करणे ही परक्याची, अशी वाटणीच जणू भाषेने करून ठेवली आहे. या वाटणीला ‘टाच’ आणि ‘धरणे’ यांसारखे अपवाद आहेत, आणि त्यांपैकी ‘धरणे’ हा शब्द फार बोलका आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ऋण वसूल करण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. यांतील ‘आचरित’ म्हणजे ऋणकोच्या दारात अन्नपाणी सोडून बसणे, असा अर्थ पुढे लावला गेला. धरणे धरणारा धनको स्वतः उपाशी राही आणि त्याच्या उपासाचे पाप ऋणकोच्या माथी येईल या भयाने देणे चुकते होई. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत दैवी कोपाचे भय घालून एखादी गोष्ट करावयास लावणे हा कलम ५०८ अन्वये गुन्हा ठरला, तेव्हा त्या कलमाखालील उदाहरण नेमके धरण्याचेच देण्यात आले. म्हणजे ज्या समाजाने दंडुक्याच्या वसुलीला नेहमी हीन लेखले, त्याच समाजाने लज्जा आणि पापभय यांच्या वसुलीला शास्त्राची प्रतिष्ठा दिली होती. पुढे हेच धरणे धनकोच्या हातून सुटले आणि दुर्बलांचे, सत्तेला जाब विचारणाऱ्यांचे शस्त्र बनले. एका शब्दाचा हा प्रवास सामाजिक इतिहासाचाच एक तुकडा आहे.

भक्तिपरंपरेने या व्यवहाराची दिशा उलटी करून पाहिली. तुकारामांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. या आख्यानाचे मर्म केवळ औदार्यात नाही. ज्याला वसुलीचा हक्क आहे त्यानेच वसुलीची साधने बुडवावीत, ही कल्पना त्या काळाच्या अर्थव्यवहारात जवळजवळ अकल्पनीय होती. तितकीच अर्थपूर्ण आहे दामाजीपंतांची कथा. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली. बेदरच्या दरबाराने त्याचा जाब मागितला. आणि साक्षात विठ्ठल महाराच्या रूपाने दरबारात जाऊन रक्कम भरून आला, पावतीसह. येथे देव वसुली थांबवत नाही, बादशहाला शासनही करीत नाही. तो देणे चुकते करतो. चमत्कारकथेतसुद्धा कर्ज बुडवण्याची मुभा नाही. लोककल्पनेला सुटका हवी होती, पण ती रीतसर पावती हातात घेऊन. देणे फिटलेच पाहिजे आणि वसुलीदार मात्र दारात येता कामा नये, ही दुहेरी इच्छा भारतीय कथेत पुढेही पुन्हा पुन्हा प्रकट होते.

वासाहतिक न्यायव्यवस्थेने या जुन्या व्यवहारात नवे पात्र आणले. दिवाणी न्यायालय, मुद्रांकित खत, हुकूमनामा, दरखास्त आणि जप्ती अशी साखळी उभी राहिली. खताची मुदत तीन वर्षांवर आल्याने खते पुन्हापुन्हा नवी करणे भाग पडले आणि व्याजाचे मुद्दल होत गेले. मुद्दलाच्या दुपटीपेक्षा अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना दंडक खत नवे करताच निष्प्रभ होई. याचा स्फोट १८७५ च्या मे महिन्यात झाला. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला उठाव अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पसरला. त्याचे वैशिष्ट्य असे की शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते आणि हुकूमनामे हाती आले की ते जाळले जात. ते मुकाट्याने दिले गेले तेथे मारहाण सहसा झाली नाही. तत्पूर्वी, १८७४ च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने हुकूमनाम्याच्या बळावर गावातील देशमुखाचे घर पाडावयास घेतले आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. कर्ज होते, कागद खरा होता, न्यायालयाचा निर्णयही झाला होता. तरीही घराला लागलेला हात गावाला सहन झाला नाही. लोकमताने देणे नाकारले नव्हते. वसुलीची मर्यादा कोठे संपते हे त्याने स्वतःच्या रीतीने सांगितले होते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साह्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकण्याची प्रथा बंद केली आणि विशेषेकरून गहाण न टाकलेल्या त्याच्या जमिनीला जप्तीतून संरक्षण दिले. परंतु महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाकडे पाहिले म्हणजे प्रश्न केवळ एका कायद्याचा नव्हता हे उमगते. फुल्यांच्या मांडणीत सावकार एकटा उभा नाही. त्याच्यामागे कुळकर्णी, वकील, कारकून आणि कचेरी यांची रांग आहे, आणि या साऱ्यांच्या हाती असलेली अक्षरविद्या शेतकऱ्याजवळ नाही. वसुलीचे खरे सामर्थ्य दंडुक्यात नसून कागद वाचता येण्यात आहे, हे निदान मराठी गद्यात इतक्या स्पष्टपणे प्रथम फुल्यांनी मांडले. पुढील काळात सावकार रंगवणाऱ्या अनेक लेखकांनी ही दृष्टी सोडून दिली आणि एक दुष्ट माणूस तेवढा उचलला. त्यामुळे साहित्याची हानी झाली.

या हानीचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. बाबूराव पेंटर यांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला, तेव्हा कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख प्रथमच इतक्या वास्तव रूपाने पडद्यावर आले. पुढे ‘दो बिघा जमीन’ने (१९५३) तोच प्रवास कलकत्त्यापर्यंत नेला. पण ‘मदर इंडिया’तील (१९५७) सुखीलालापर्यंत येता येता सावकार हा एक ठरीव साचा झाला. साच्याचा धोका असा की तो प्रेक्षकाला सुटका देतो. दुष्ट मेला की ऋणव्यवस्था संपली, असे समाधान त्यातून मिळते. शिवाय असा खलनायक बहुधा परका असतो : दुसऱ्या प्रांताचा, दुसऱ्या जातीचा किंवा दुसऱ्या भाषेचा. १८७५ च्या उठावातही मारवाडी आणि गुजर सावकारांवर रोष केंद्रित झाला, तर स्थानिक ब्राह्मण सावकार बहुधा सुटले. वसुलीचा राग परकेपणाच्या रागात मिसळला की तो सोपा होतो आणि आंधळाही होतो.

प्रेमचंदांची श्रेष्ठता येथे जाणवते. ‘गोदान’मधील (१९३६) धनको बाहेरून आलेले नाहीत. दातादीन हा गावचा पुरोहित, पटेश्वरी पटवारी, दुलारी दुकानदारीण, आणि झिंगुरीसिंग शहरातील बड्या महाजनाचा मुनीम असला तरी गावचाच रहिवासी. होरी ज्यांच्याशी रोज रामराम करतो तेच त्याचे धनको आहेत. ऊस कारखान्यावर जातो तेव्हा पैसे होरीच्या मुठीत येण्यापूर्वीच झिंगुरीसिंग आपले देणे कापून घेतो. येथे न्यायालयाची गरजच पडत नाही. परंतु या कादंबरीतील वसुलीचा सर्वांत मार्मिक प्रसंग दातादीनचा आहे. तीस रुपयांचे दोनशे झालेले असतात. शहर पाहून आलेला गोबर कायद्याच्या दराने हिशेब करून सत्तर रुपये देऊ करतो. दातादीन कोर्टाची नव्हे, आपल्या ब्राह्मण्याची धमकी देतो. आणि गोबर अविचल असताना होरी मात्र हादरतो. ब्राह्मणाचा पैसा बुडवला तर वंश राहणार नाही, या भयाने तो पै न् पै फेडण्याचे वचन देतो. दारात कोणी बेलिफ नाही. तो होरीच्या मनात आहे. बापलेकांतील हा वाद दोन पिढ्यांचा तर आहेच, पण त्याहून अधिक तो ‘ऋण’ आणि ‘कर्ज’ या दोन शब्दांमधला आहे.

‘सवा सेर गेहूँ’ (१९२४) या कथेत हेच सूत्र अधिक निर्दय साधेपणाने आले आहे. दारी आलेल्या साधूच्या जेवणासाठी शंकर विप्राकडून सव्वा शेर गहू उसना घेतो. सात वर्षांनी त्याचे साडेपाच मण होतात. शंकर हिशेबाशी भांडू शकला असता. पण परलोकी देणे घेऊन जाण्याची कल्पना त्याला असह्य होते. तो लिहून देतो, उरलेले आयुष्य राबतो आणि मरताना देणे मुलाच्या मानेवर ठेवून जातो. कथेची सारी भीषणता ऋणकोच्या सचोटीतून निर्माण होते. शंकर लबाड असता तर वाचला असता. लोकमानसाने पवित्र मानलेल्या मूल्याचाच गळफास होतो, हे प्रेमचंदांनी दाखवले आणि तरीही त्या मूल्याची टवाळी केली नाही. ‘पूस की रात’मध्ये (१९३०) तर वसुली कथेच्या आरंभीच संपून जाते. घोंगडीसाठी जमवलेले तीन रुपये हल्कू दारातल्या सहनाला देऊन टाकतो. पुढे उरते ती थंडीची रात्र. वसुलीदाराचे कार्य किती थोड्या वेळात होते आणि त्याचा परिणाम किती दूरवर जातो, याचे एवढे काटेकोर भान अन्यत्र क्वचितच आढळेल.

फकीरमोहन सेनापतींच्या ‘छ माण आठ गुंठ’ या ओडिया कादंबरीत वसुलीची यंत्रणा उपरोधाच्या अंगाने येते. जमीनदार रामचंद्र मंगराज भगिया आणि सारिया या विणकर दांपत्याची जमीन देवीच्या देवळाचे आणि अपत्याचे आमिष दाखवून गहाणात ओढतो. मग कायदा आपले काम करतो आणि त्यांची गायही जाते. फकीरमोहनांचा निवेदक वरवर मंगराजाची स्तुतीच करीत असतो, आणि त्या स्तुतीतून न्यायालयीन भाषेचा पोकळपणा उघडा पडतो. शेवटी मंगराजावरही तीच पाळी येते. त्याची मालमत्ता त्याच्याच वकिलाच्या घशात जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या कादंबरीने वसुली ही माणसाच्या स्वभावाची नव्हे तर व्यवस्थेची गोष्ट आहे, हे फुल्यांप्रमाणेच, पण सर्वस्वी निराळ्या शैलीत ओळखले होते.

वसुली करणाऱ्याला चेहरा देणाऱ्या कृती थोड्या आहेत, आणि त्यांतील अग्रगण्य कृती वेगळ्याच कारणाने गाजली. रवींद्रनाथांची ‘काबुलीवाला’ (१८९२) ही वात्सल्याची कथा म्हणून वाचली जाते. पण रहमत हा केवळ सुकामेवा विकणारा नाही. दरवर्षी मायदेशी जाण्यापूर्वी तो घरोघर फिरून थकबाकी गोळा करतो. रामपुरी शालीचे पैसे बुडवून वर खोटे बोलणाऱ्या ऋणकोवर तो सुरा चालवतो आणि तुरुंगात जातो. लोकमताला जो ‘पठाण’ केवळ धाक म्हणून ठाऊक होता, त्याच्या अंगरख्यातून रवींद्रनाथांनी मुलीच्या चिमुकल्या पंजाचा ठसा बाहेर काढला. तो ठसाही एका कागदावरच आहे. खत आणि पंजाचा ठसा हे दोन कागद वसुलीदाराच्या जवळ एकाच वेळी असू शकतात, ही जाणीव कथेला भावुकतेपलीकडे नेते. कथा रहमतचा गुन्हा झाकत नाही, आणि म्हणूनच तिची करुणा विश्वासार्ह ठरते.

दुसऱ्या टोकाला तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘चेम्मीन’ (१९५६) आहे. चेंबनकुंजू नाव आणि जाळी घेण्यासाठी परीकुट्टी या तरुण व्यापाऱ्याचे साह्य घेतो आणि फेडीचे नाव काढत नाही. परीकुट्टी मागत नाही, कारण त्याचे करुत्तम्मावर प्रेम आहे. न मागितलेल्या या देण्याचा तगादा करुत्तम्मालाच जाळत राहतो. ती बापाला फेडण्यासाठी विनवते. होरीच्या बाबतीत जे पापभय होते ते येथे प्रेमाच्या रूपाने येते. वसुलीदार नाहीसा झाला तरी वसुली थांबत नाही, हे सत्य या कादंबरीने शोकात्म पातळीवर नेले. आर. के. नारायण यांच्या ‘द फायनान्शियल एक्स्पर्ट’मध्ये (१९५२) हीच सृष्टी विनोदाच्या प्रकाशात दिसते. सहकारी बँकेसमोरच्या वडाखाली पेटी मांडून बसणारा मार्गय्या आणि बँकेचा शिपाई अरुल दास यांच्यातील झटापटीत संस्थेचा दिमाख आणि शिपायाचे उसने मोठेपण दोन्ही नेमके टिपले आहे.

या पार्श्वभूमीवर कायदा आणि कथा यांची तुलना उद्बोधक ठरते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० ऋणकोचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे आणि धर्माचारानुसार स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना जप्तीतून वगळते. कलम ६२ अन्वये सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ दारिद्र्यामुळे देणे न देऊ शकणाऱ्याला तुरुंगात टाकणे अन्याय्य ठरवले. अशा प्रकारे कायद्याने बेलिफाच्या हातांना उंबरठ्यावर मर्यादा घातली. तरीही लोककल्पनेतील जप्ती म्हणजे चुलीवरचे भांडे आणि गळ्यातले मंगळसूत्रच राहिले. हे केवळ अज्ञान मानता येणार नाही. जप्तीची दवंडी पिटली जाते, पंच गोळा होतात, शेजारी दारात येतात. खाजगी विवंचना सार्वजनिक होते. कायदा वस्तू वगळू शकतो, ही नजर वगळू शकत नाही. भांडे नेले न नेले तरी ते साऱ्या गावाने पाहिलेले असते. कथेने नोंदवले आहे ते या नजरेचे सत्य.

आणि हे सत्य आता केवळ साहित्यविचाराचे राहिलेले नाही. गेल्या काही दशकांत विदर्भ, मराठवाडा आणि देशाच्या अन्य भागांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी कर्ज आणि लज्जा यांचा संबंध किती प्राणघातक असू शकतो हे दाखवून दिले. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला (२००२) साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, त्या कादंबरीतील शिकलेला पण बेकार एकनाथ हा होरी आणि गोबर या दोघांचाही वारस आहे. हिशेब त्याला कळतो, पण त्यामुळे त्याची सुटका होत नाही. गोबरच्या पिढीला वाटलेली अक्षरविद्येची आशा येथे मावळते.

दरम्यान वसुलीदाराचे रूपही पालटले आहे. बँकांनी बाहेरचे हस्तक नेमले, त्यांच्या दंडेलीवर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले, आणि २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी दूरध्वनी करण्यास मनाई केली. सूर्यास्ताचा जुना नियम नव्या उंबरठ्यावर आला, एवढाच त्याचा अर्थ. लघुवित्ताच्या गटांत तर शेजारणीच एकमेकींच्या हप्त्याला जामीन असतात. लज्जा हेच तेथे तारण असते. दवंडीची जागा भ्रमणध्वनीने घेतली, परंतु तिचे कार्य तेच राहिले.

या नव्या वसुलीदाराचे चित्र रेखाटताना जुन्या साच्याकडे वळणे सोपे आहे. हप्ता मागायला येणारा तरुण बहुधा स्वतःही तुटपुंज्या कमिशनवर राबणारा असतो. कदाचित त्याच्या घरीही कोणी हप्ता मागायला येत असेल. त्याला खलपुरुष करून प्रश्न सुटणार नाही आणि निर्दोष ठरवूनही नाही. रवींद्रनाथांनी रहमतला दोन्ही कागद जवळ बाळगू दिले. फुल्यांनी आणि फकीरमोहनांनी त्याच्यामागची कचेरी दाखवली. प्रेमचंदांनी ऋणकोच्या अंतःकरणातला बेलिफ ओळखला. भारतीय कथेजवळ ही तीनही दर्शने आहेत. मात्र ती एका कृतीत एकत्र क्वचितच आली आहेत. मृत्युशय्येवरील होरीच्या नावाने धनिया सुतळी विकून मिळालेले वीस आणे गोदान म्हणून दातादीनच्या हातावर ठेवते, तेव्हा पुरोहित आणि धनको एकच असतो आणि शेवटची वसुली दान या नावाने पार पडते. फेड आणि दान, धर्म आणि वसुली यांतील सीमारेषा तेथे पुसली जाते. ती रेषा पुन्हा आखणे हे न्यायालयाचे आणि शासनाचे काम आहे. ती कोठे पुसली गेली हे दाखवणे साहित्याचे.